शेवटचं पान आधी वाचा : नागपुरात राहून आडवाटेची पुस्तकं जमवताना

नागपूरच्या महाल भागातल्या एका रद्दीच्या दुकानात मी महिन्यातून दोनदा तरी जाते. दुकानदार मला ओळखतो, माझी कापडी पिशवीही ओळखतो. एकदा कोपऱ्यातल्या सुतळी बांधलेल्या गठ्ठ्याला हात घातला तर तो चपापलाच. "ताई, तो गठ्ठा नका पाहू. तुमच्या कामाचा नाही. तसली पुस्तकं हायेत त्यात." म्हटलं, "तसलीच पाहायची आहेत." बिचारा खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) घोटून आणतो म्हणून जो गेला, तो मी गठ्ठा पुन्हा बांधेपर्यंत परतला नाही.

गठ्ठ्यात बहुतेक पिवळी पुस्तकंच होती, पिना सुटलेली. पण त्यांच्यामध्ये दुमडून पडलेली सोळा पानं निघाली. सायक्लोस्टाइल केलेल्या, म्हणजे स्टेन्सिलवरून काढलेल्या कविता, एकच पिन, तीही गंजलेली. किंमत नाही, मुद्रकाचं नाव नाही, मागे फक्त 'खाजगी वितरणासाठी' एवढी ओळ. मी पूर्ण गठ्ठा किलोच्या भावाने घेतला. नुसती ती सोळा पानं मागितली असती, तर पुढच्या वेळी दुकानदाराने प्रत्येक फाटक्या कागदाचा वेगळा भाव सांगितला असता. ही या नादातली पहिली शिकवण. माझ्या बाबतीत ती चुकून हाती लागली.

आधी एक धागा धरा

प्रतिष्ठित प्रकाशकांनी हात लावला नाही, कोर्टात गेली, जप्त झाली, किंवा लेखकानेच पदरमोड करून काढली, अशी पुस्तकं सगळ्या भाषांत आहेत. सगळी जमवायला गेलात तर दोन वर्षांत घर भरेल आणि संग्रह मात्र होणार नाही. म्हणून सुरुवातीला एकच धागा धरा.

मराठीत सगळ्यात सरळ धागा लघुअनियतकालिकांचा, म्हणजे लेखक-कवींनी स्वतःच, जमेल तेव्हा काढलेल्या छोट्या अंकांचा. 1950 च्या दशकात मुंबईत सायक्लोस्टाइलवर निघालेलं 'शब्द', पुढे साठीच्या दशकात 'असो', 'येरू', 'फक्त', 'वाचा', 'भारुड', 'अबकडइ'. नावांवरूनच मंडळींचा तोरा कळतो. 'सत्यकथा' या प्रतिष्ठित वाङ्मयीन मासिकाचा अंक जाळण्यापर्यंत ही मजल गेली. याच वर्तुळातल्या अशोक शहाणे यांच्या 'प्रास प्रकाशना'ने 1977 साली अरुण कोलटकरांच्या कवितांचा पहिला मराठी संग्रह काढला. त्याच्या आदल्या वर्षी कोलटकरांची इंग्रजी 'जेजुरी' 'क्लिअरिंग हाउस'कडून आली होती. हे 'क्लिअरिंग हाउस' म्हणजे मुंबईच्या कवींनी स्वतःच एकत्र येऊन काढलेली प्रकाशनसंस्था. एका कवीची दोन भाषांतली ही दोन पुस्तकं शेजारी ठेवली, की धागा म्हणजे काय ते दिसतं.

दुसरा धागा जुना आहे. र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' जुलै 1927 पासून 1953 पर्यंत चाललं. संततिनियमन, लैंगिक शिक्षण आणि मुखपृष्ठावर नग्न चित्र. अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात कर्व्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. याचे सुटे अंक आता क्वचित दिसतात आणि दिसले तरी मुखपृष्ठ गेलेलं असतं. का, ते पुढे सांगते. त्यात माझाही एक गुन्हा आहे.

तिसरा धागा नागपूरकराच्या दारातलाच आहे : आंबेडकरी पुस्तिका. त्यांना 'आडवाट' म्हणताना मी अडखळते. ज्यांच्या हातात त्या होत्या त्यांच्यासाठी तो राजरस्ताच होता, आडवाट होती ती पुस्तकांच्या मोठ्या दुकानांच्या दृष्टीने. खुद्द बाबासाहेबांचं जातिव्यवस्थेच्या निर्मूलनावरचं लाहोरचं भाषण आयोजकांनी परिषदच रद्द केल्यामुळे झालं नाही. मग 1936 मध्ये त्यांनी ते स्वखर्चाने छापलं, दीड हजार प्रती. स्वतः छापायचं आणि हातोहात वाटायचं, ही रीत तेव्हापासून तुटलेली नाही.

चौथा धागा परदेशी. त्याचं वेगळं बोलू.

कुठे फिरायचं

बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातल्या, जुन्या पुस्तकांच्या ठेल्यांवर स्पर्धा परीक्षांचे आणि इंजिनीअरिंगचे गाइड भरलेले असतात. तिथे जा, पण फार आशा धरू नका. ठेलेवाल्याला कुठलं पुस्तक कुठल्या कॉलेजात चालतं ते पाठ असतं. तुम्हाला हवं ते त्याच्या लेखी रद्दीच. एवढंच सांगून ठेवा : "पिन मारलेलं, पातळ, जुनं, कविता किंवा राजकारण. फेकू नका." लेखकांची नावं सांगू नका. नाव सांगितलं की भाव वाढतो.

खरा माल घरं रिकामी होताना निघतो. धरमपेठ, रामदासपेठ, महाल इथली जुनी घरं पडताहेत, फ्लॅट उभे राहताहेत. आजोबांचं कपाट आधी कबाड्याकडे जातं. म्हणून कबाडी, रद्दीवाले आणि घर हलवून देणारे टेम्पोवाले यांच्याशी बोलून ठेवा. मी दिवाळीच्या आधीचा पंधरवडा रिकामा ठेवते. घराघरांत साफसफाई सुरू असते आणि कुठल्या तरी मास्तरांनी चाळीस वर्षं जपलेले अंक रस्त्यावर येतात.

आणि दीक्षाभूमी. 14 ऑक्टोबर 1956 च्या अशोक विजयादशमीला इथे धम्मदीक्षा झाली. तेव्हापासून दसऱ्याच्या सुमाराला इथे जे लोक येतात, ते जाताना पुस्तक घेऊन जातात. परिसरातल्या रस्त्यांवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. मोठे प्रकाशक असतात, पण आपलं काम त्यांच्याकडे नाही. आपल्याला पाहायचे ते ताडपत्री अंथरून बसलेले : एकच पुस्तक लिहिलेले, तेच छापलेले आणि तेच विकणारे. भीमगीतांच्या पुस्तिका, एखाद्या गावातल्या अत्याचाराच्या खटल्याची हकिगत, बावीस प्रतिज्ञांवरचं भाष्य, निवृत्त शिक्षकाचं साठ पानी आत्मकथन. दहा-वीस-तीस रुपये. ही पुस्तकं पुढच्या वर्षी असतीलच असं नाही.

इथे चार गोष्टी पाळा. मुख्य दिवसाच्या आदल्या दिवशी सकाळी जा. मुख्य दिवशी गर्दीत उभं राहून पान उलटता येत नाही, आणि तो दिवस आपल्या हौसेचा नाहीही. सुटे पैसे न्या. घासाघीस करू नका. वीस रुपयांच्या पुस्तिकेत लेखकाचे कागदाचे पैसेही सुटत नसतात. आणि लेखक समोर बसलाच असेल तर विचारा, "किती प्रती काढल्या, कुठे छापल्या, याआधी काही काढलं का?" तीन ओळी तिथेच वहीत लिहा. एका काकांनी मला सांगितलं, "पाचशे छापल्या बाई, तीनशे वाटल्या, बाकी पावसात गेल्या." ही माहिती त्या पुस्तिकेत कुठेही छापलेली नाही.

शेवटचं पान

पुस्तक हातात आलं की नवखा माणूस कविता वाचायला लागतो. कविता घरी वाचा. आधी मागचं पान, मग मुखपृष्ठाची आतली बाजू, मग पिना. 1867 च्या मुद्रणविषयक कायद्याने पुस्तकावर मुद्रकाचं नाव, छपाईचं ठिकाण आणि प्रकाशकाचं नाव छापणं बंधनकारक होतं. ती ओळ नसेल तर ती गाळण्यामागे काही कारण असेल, किंवा निव्वळ निष्काळजीपणा. 'खाजगी वितरणासाठी' असेल तर बहुधा कारणच. 'अनियतकालिक' या शब्दातही हीच खोच आहे. नियमित निघणार म्हटलं की नोंदणी आली.

सालाचा पत्ता लागत नसेल तर पुस्तिका स्वतःच चुगली करते.

किमतीपासून सुरू करा. आणे असतील तर बहुधा 1957 च्या आधीचं, कारण त्या वर्षीच्या एप्रिलपासून दशमान नाणी आली. 'न. पै.' म्हणजे नवे पैसे असतील तर 1957 ते 1964 मधलं. त्यानंतर 'नवे' गळून नुसते पैसे उरले. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर 15 ऑगस्ट 1972 नंतरचं. पुस्तकक्रमांक, म्हणजे आयएसबीएन, देणारी भारतातली यंत्रणा 1985 ची. तेव्हा 1974 चं म्हणून दाखवलेल्या मराठी पुस्तकावर तो असेल तर ते बहुधा पुनर्मुद्रण आहे, विकणारा काहीही सांगो.

विदर्भातल्या छपाईसाठी आणखी एक खूण. 1956 च्या नोव्हेंबरपर्यंत नागपूर जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी होतं. म्हणून 'नागपूर (म. प्र.)' असं दिसलं तर चुकीची छपाई समजून हसू नका. ती 1956 च्या आधीची खूण आहे. 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असेल तर त्याहून जुनं.

शुद्धलेखन पाहा. 'नाहीं', 'कीं', 'घरांत' अशी अनुस्वारांची रेलचेल असेल तर 1962 च्या नव्या नियमांच्या आधीच्या वळणाचं. पण इथे जपून. कित्येक जुने मास्तर 1970 च्या दशकातही तेच वळण चालवत होते.

मग बोट. पानाच्या मागच्या बाजूने हलकेच बोट फिरवा. खिळ्यांची छपाई असेल तर अक्षरांचा उठाव लागतो, एखादा खिळा झिजलेला असतो, एखादा 'ळ' ओळीखाली घसरलेला असतो. ऑफसेटचं पान सपाट. सायक्लोस्टाइलची शाई कागदात किंचित पसरते आणि 'ठ', 'छ' अशा अक्षरांचं पोट कधीकधी भरून येतं, कारण स्टेन्सिल तिथे फाटलेलं असतं. कॉम्प्युटरवरची देवनागरी मात्र नजरेतच भरते, सगळे 'क' जुळ्या भावांसारखे. 1970 च्या दशकातलं पत्रक म्हणून अशा अक्षरातलं काही दाखवलं तर नम्रपणे खाली ठेवा.

एका खुणेने सगळं ठरवू नका. तीन जुळल्या तर साल लिहा, दोनच असतील तर पेन्सिलीने 'सु.' (सुमारे) लावून लिहा. आणि आत सापडलेलं काहीही फेकू नका : पोस्टकार्ड, बसचं तिकीट, वर्गणीची पावती. त्या सोळा पानांत मला मनीऑर्डरची पावती मिळाली. तिच्यावरचा टपालशिक्का 1971 चा. पुस्तिकेवर साल नव्हतंच.

परदेशी माल

इथे माझी बाजू स्पष्ट सांगते. परदेशी भूमिगत प्रकाशकांची पुस्तकं नागपुरात बसून जमवायची तर अस्सल पहिल्या आवृत्तीच्या मागे धावू नका. आधी प्रकाशक ओळखा.

पॅरिसच्या 'ऑलिंपिया प्रेस'ने, म्हणजे मॉरिस जिरोदियासने, 1953 पासून इंग्रजी देशांत छापता न येणारी इंग्रजी पुस्तकं छापली. हिरवी कागदी मुखपृष्ठं. नाबोकोव्हची 'लोलिता' ही कादंबरी पहिल्यांदा 1955 मध्ये इथूनच दोन भागांत निघाली, आणि त्या पहिल्या प्रतींच्या मागे 900 फ्रँक ही किंमत आहे. किंमत बदलून चिकटवलेली असेल तर प्रत नंतर विकायला काढलेली. पाहा, पुन्हा मागचं पानच. सॅन फ्रान्सिस्कोचं 'री/सर्च' हे प्रकाशन 1980 पासून व्ही. वेल चालवतात. त्याआधी ते पंक संगीताच्या चळवळीचं 'सर्च अँड डिस्ट्रॉय' काढत, त्यासाठी गिन्सबर्ग आणि फर्लिंगेटी या कवींनी शंभर-शंभर डॉलर दिले होते. 'री/सर्च'चे पहिले तीन अंक वर्तमानपत्री आकाराचे आहेत, ते दुमडलेले आणि पिवळेच मिळतात. अॅडम पारफ्रेचं 'फेरल हाउस' 1989 चं. त्याची बरीच पुस्तकं अजून छापली जातात, तेव्हा 'दुर्मीळ' म्हणून चौपट भाव सांगणाऱ्याला आधी नव्या प्रतीची किंमत दाखवा.

'लूमपॅनिक्स' हे अमेरिकेतलं असंच आडवाटेचं प्रकाशन 2006 ला बंद पडलं. त्याच्या पुस्तकांपेक्षा मला त्याचे कॅटलॉग आवडतात. कुठल्या काळात कोण काय वाचत होतं, कशाला घाबरत होतं, ते कॅटलॉगमध्ये एका नजरेत दिसतं, आणि ते स्वस्त असतात. नवख्याने कॅटलॉगपासूनच सुरुवात करावी. याच गोतावळ्यात शस्त्रं आणि घातपाताच्या 'कृतिपुस्तिका' छापणारेही होते. त्या मी घेत नाही. वाङ्मय म्हणून त्यांत काही नाही, आणि त्या घरात का आहेत हे सांगताना दमछाक होईल.

ऑनलाइन विक्रेत्याकडे पाच फोटो मागा : मुखपृष्ठ, पाठ, कणा, हक्कांचं पान आणि सगळ्यात खराब कोपरा. शेवटचा फोटो द्यायला जो कचरतो त्याच्याकडून घेऊ नका. आणि मागणीनुसार छापलेली प्रत ओळखायला शिका. शेवटच्या कोऱ्या पानावर अलीकडची तारीख आणि बारकोड असतो.

टपाल आणि कायदा

2019 च्या अर्थसंकल्पाने आयात पुस्तकांवर 5 टक्के सीमाशुल्क लावलं. रक्कम मोठी नसते, पण पार्सल अडकतं तेव्हा बिलाची छापील प्रत हाताशी लागते. पाठवणाऱ्याला खरी किंमत लिहायला सांगा.

देशातल्या देशात मागवताना 1 मे 2025 पासून 'ज्ञान पोस्ट' आहे. सुरू झालं तेव्हा 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि 5 किलोपर्यंत 100 रुपये, वर कर, असे दर होते. गंमत अशी, की त्यात पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव असावं लागतं, आणि नियतकालिकं चालत नाहीत. म्हणजे आपल्या आवडीचा अर्धा माल बाद! अशा गोष्टी सरळ स्पीड पोस्टाने मागवा.

अश्लीलतेचं कलम पूर्वी भारतीय दंड संहितेचं 292 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 294 आहे. त्याचा रोख विक्री, वाटप, जाहीर प्रदर्शन, आयात आणि त्यासाठी बाळगणं यांवर आहे. साहित्य, कला, विज्ञान यांच्या हिताच्या प्रकाशनांना अपवाद आहे. चंद्रकांत काकोडकरांची 1962 च्या दिवाळी अंकातली कथा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि 1969 मध्ये ते निर्दोष सुटले. पण मधली सात वर्षं कोणी परत दिली नाहीत. तेव्हा स्वतःच्या कपाटात असणं वेगळं आणि दुबार प्रती विकायला काढणं किंवा त्यांचे फोटो संग्राहकांच्या गटात टाकणं वेगळं, हे लक्षात असू द्या. लहान मुलांविषयीचं लैंगिक काहीही दिसलं तर घ्यायचं नाही, ठेवायचं नाही, इथे 'संग्राहक' ही सबब चालत नाही. बंदी असलेल्या संघटनांची पत्रकं जुन्या गठ्ठ्यात आलीच तर घरी नेण्याआधी वकिलाशी बोला. गडचिरोली इथून लांब नाही.

घरी आणल्यावर

आता माझा गुन्हा. एका लघुअनियतकालिकाचे आठ अंक सहा वर्षांत जमले होते. नीट राहावेत म्हणून बाइंडरकडे दिले. आठवड्याने लाल कापडात, सोनेरी अक्षरात, एक देखणं बाड आलं. उघडलं तर तिन्ही बाजूंनी पानं कापलेली, समासातल्या शाईच्या नोंदी अर्ध्या गेलेल्या आणि मुखपृष्ठं नाहीत. "फाटकी होती मॅडम, काढून टाकली. आता कसं पुस्तकासारखं दिसतंय!" मी त्याला कसला दोष देणार? सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नव्हतं. ग्रंथालयांतही वर्षानुवर्षं हेच होत आलं. जुन्या नियतकालिकांच्या बाडांत मुखपृष्ठं आणि जाहिराती सापडत नाहीत त्या याच सवयीमुळे. म्हणून बांधू नका. एकेक अंक सुटा, आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, पाकीट आडव्या खोक्यात.

गंजलेली पिन ओढू नका. मागून तिची दोन्ही टोकं पातळ चाकूने उभी करा, मग समोरून हलकेच सोडवा. जागा रिकामी ठेवा किंवा सुती दोरा ओवा. पण काढलेली पिन पाकिटात घालू नका. मी एकदा घातली, ती तिथेही गंजली. सेलोटेप अजिबात नाही.

नागपुरी उन्हाळ्यात दोन शत्रू आहेत. एक 45 अंशांचा कोरडा वारा, त्याने वृत्तपत्री कागद पापडासारखा होतो. दुसरा त्यावरचा आपला उपाय : कूलर. वाळ्याच्या ताट्यांमधून येणारी ओली हवा माणसाला गार वाटते; पुस्तकांच्या कपाटाला ती चार महिने पावसाळा. कूलरच्या खोलीत पुस्तकं ठेवू नका. माझी खोकी आतल्या बिनखिडकीच्या खोलीत, भिंतीपासून चार बोटं पुढे, जमिनीपासून वीतभर वर आहेत. वाळवी भिंतीतून येते आणि टेकलेल्या लाकडावर चढते. आर्द्रता मोजायचा छोटा काटा स्वस्तात मिळतो, तो ठेवा.

रद्दीतून आलेलं काहीही थेट खोक्यात जात नाही. आधी ब्रशने झटकायचं, मग हवाबंद पिशवीत घालून घरच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. एक दिवस तशीच ठेवायची, नाहीतर पानांवर पाणी धरतं. आमच्या घरी मटारशेजारी 1970 च्या दशकातल्या कविता असतात. सुरुवातीला कुरकुर झाली, आता कोणी विचारत नाही.

वही

संगणकावर यादी करा, पण वहीही ठेवा. माझ्या वहीत रकाने असे : काय, कुठे मिळालं, कोणत्या दिवशी, किती दिले, आधी कोणाकडे होतं (माहीत असेल तर), साल कशावरून ठरवलं, आत काय सापडलं. शेवटचा रकाना 'माझ्यानंतर कुठे' असा आहे. तो बराच काळ रिकामा होता. मग एक-दोन ग्रंथालयांत चौकशी केली, तेव्हा पिन मारलेल्या पुस्तिका दाखल करून घेण्याचा त्यांना फारसा उत्साह नाही असं दिसलं. बांधलेलं बाड असेल तर पाहू म्हणाले.

सध्या त्या रकान्यात बहुतेक ठिकाणी माझ्या भाचीचं नाव आहे. तिला पुस्तिकांत काडीचा रस नाही, पण रद्दीवाल्याचा फोन नंबर आणि 'बांधायला देऊ नये' ही सूचना तिच्याकडे लिहून दिलेली आहे.